दगडूतात्यांच्या तळ्यातली कासवं

दगडूतात्यांच्या घरी संध्याकाळी काय शिजणार, हे तात्या लांबून दिसले तरी कळायचं. बादली हातात असली तर माशाचं कालवण आणि बादली डोक्यावर उपडी असली तर बेसन. तात्या पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याला आवर्तनाचं, म्हणजे ठरल्या वेळचं पाणी सुटलं की चारीच्या पाटावर फिरायचं, ज्याची पाळी असेल त्याच्या रानाकडचं दार उघडायचं, पाळी संपली की लावायचं, आणि दोन शेतकऱ्यांची जुंपली की मधे उभं राहून दोघांच्याही शिव्या खायच्या, असं ते काम. आवर्तन बंद झाल्यावर चारीत ठिकठिकाणी डबकी उरायची. मग तात्या पत्र्याची बादली घेऊन चारीच्या तळातून चालत निघायचे. डबक्यात अडकलेले मासे घरी यायचे, कासवं गावच्या तळ्यात जायची. काहीच मिळालं नाही तर उन्हाला आडोसा म्हणून बादली सरळ डोक्यावर. त्यांच्या बायको सखूमावशी दारात उभ्या राहून डोळ्यांवर आडवा हात धरून बघायच्या आणि मसाला वाटायचा की नाही ते ठरवायच्या.

मी त्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला गेले ती नव्वद साल उलटल्यावर थोड्याच दिवसांत. बारामतीहून इंदापूरकडे जाणारी एसटी फाट्यावर सोडायची, तिथून पुढं पायी. तळ्याच्या वरच्या अंगाला मला खोली मिळाली. खिडकी उघडली की समोर दगडी घाट, पलीकडे मातीचा बांध आणि बांधाच्या खालच्या अंगाला तात्यांचं घर. मी सव्वीस वर्षांची होते. त्या वयात माणसाला सगळंच कळत असतं, तसं मलाही कळत होतं.

म्हणूनच आमची पहिली भेट भांडणानं झाली. तात्या बादली घेऊन चालले होते, आत कासव खुडबुडत होतं. हा माणूस आता हे कापून खाणार, अशी माझी खात्री. मी वाट अडवून त्यांना वन्यजीव कायदा सुनावला, कलमांसकट. तात्यांनी बादली खाली ठेवली, खांद्यावरचं फावडं त्यावर आडवं टाकलं आणि सगळं नीट ऐकून घेतलं. मी थांबले तेव्हा म्हणाले, "झालं का? मंग चला तळ्यावर. त्ये बी तिकडंच निगालंय." कासव पाण्यात सोडून झाल्यावर घराकडे वळून ओरडले, "अगं, बाईंना च्या टाक. लई बोलल्यात." मला इतकी लाज वाटली की तो चहा मी बशीत ओतून उभ्याउभ्याच संपवला.

त्यानंतर मात्र मी रोज तळ्यावर जाऊ लागले. तात्या कामावरून आले की घाटाच्या शेवटच्या पायरीवर फावड्याचं पातं तीनदा वाजवायचे. थोड्या वेळानं पाण्यावर लांबट नाकं दिसू लागायची. आमच्याकडची ती साधी कासवं. पाठ चामड्यासारखी मऊ, मातीच्या रंगाची, आणि पोटाखाली मागच्या पायांवर दोन झाकणं. भ्यालं की पाय आत घेऊन झाकण लावून टाकायचं. तात्या मेलेली मासळी, गोगलगायी असं काहीबाही टाकायचे आणि प्रत्येकाची चौकशी करायचे. त्यात एक थोराड मादी होती, पाठीची कड एका बाजूला तुटलेली. बैलगाडीचं चाक गेलं होतं म्हणे. तिला ते म्हातारी म्हणायचे. "हिनं माझ्या आबाला बघितलंय," असं सांगताना त्यांचा आवाज उगाच खाली यायचा.

आबा म्हणजे त्यांचे वडील. त्यांची हकीकत तात्यांनी मला एकदाच सांगितली, तीही फावडं दगडावर घासता घासता. आबांच्या काळी त्यांच्या वस्तीतल्या माणसांना घाटावर पाय ठेवायची बंदी होती. बांधाच्या खालच्या बाजूला पाझर होता, तिथं घागर घेऊन बसायचं. घाटावरच्या कुणा बाईला दया आली तर ती बांधावर येऊन वरून ओतणार. मग छप्पन साल आलं. आबा नागपूरला जाऊन, दीक्षा घेऊन, पांढऱ्या कपड्यांत परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन थेट घाटाच्या पायऱ्या उतरले.

"कुणी काही बोललं नाही?" मी विचारलं.

"बोलली की. बोलायचं थांबत्यात व्हय? पन आबा घागर भरूनच वर आला."

वरून पाणी ओतणारी किंवा न ओतणारी ती बाई माझ्या आजीसारखीच कुणीतरी असणार, हे मला न सांगता कळलं.  

पुढे तात्यांना पाटकऱ्याची नोकरी लागली आणि त्याच तळ्यात पाणी सोडणाऱ्या चारीचं दार त्यांच्या ताब्यात आलं. उन्हाळी आवर्तनात सगळ्यांची पाळी झाली की शेवटी तळं भरायची मुभा होती. इतर गावांचे पाटकरी ते विसरायचे किंवा टाळायचे. तात्यांनी एक उन्हाळा चुकवला नाही. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्या तळ्याचा तळ कुणी बघितला नव्हता. "पाण्यापाशी कुनाला न्हाय म्हनायचं न्हाय," हे त्यांचं बोलणं गाव चेष्टेनं त्यांनाच ऐकवायचं. पाळी नसताना पाणी मागायला आलेला माणूससुद्धा हेच वाक्य घेऊन यायचा. मग तात्या त्याला म्हणायचे, "त्ये प्यायच्या पाण्याचं हाय. उसाचं न्हाय."

लाल कानाची कासवं आली ती याच वाक्याचं बोट धरून.

इंदापुरात तात्या ज्या डॉक्टरांकडे खोकल्याचं औषध घ्यायला जायचे, त्यांनी दवाखान्यात काचेची पेटी ठेवली होती. तेव्हा ती टूम निघालेली. पेटीत रंगीत मासे आणि रुपयाएवढी हिरवीगार कासवं, कानाच्या जागी कुंकवाच्या बोटासारखा लाल पट्टा. मुंबईहून आणलेली, मूळची परदेशातली. ती तळहाताएवढी झाली, मासे खाऊन बसली आणि पेटीला असा वास सुटला की पेशंट बाहेर ओट्यावर बसू लागले. कंपाउंडरनं ती गटारात सोडायची ठरवली होती. तात्यांनी ती मागून घेतली आणि कापडी पिशवीत घालून एसटीनं निघाले. वाटेत एक पिशवीतून डोकं काढून शेजारच्या बाईंच्या पदराला लागलं. कंडक्टरनं विचारलं, "ह्यांची तिकिटं?" तात्या म्हणाले, "अर्धी पन पडत न्हाईत मास्तर, पाच वर्साच्या आतली हायती." ही गोष्ट सांगताना ते दरवेळी नव्यानं हसायचे, आणि मीही.

कारण मीही तेव्हा खूशच होते. खोटं कशाला सांगू? मी सगळा आठवीचा वर्ग घाटावर नेला. देशी कासव, विदेशी कासव, फरक लिहा. तात्यांनी फावडं वाजवलं की लाल कानाची आधी पोचायची, धीट आणि खादाड. मुलांना तीच आवडली. पुढं बातमी पसरली. ज्याच्या घरी असलं कासव मोठं झालं, तो ते डब्यात नाहीतर पातेल्यात घालून तात्यांकडे आणू लागला. बारामतीहून एकजण मोटारसायकलवर हेल्मेटमधून घेऊन आला. तात्यांनी कुणाला परत पाठवलं नाही. "पाव्हणं आल्यात," म्हणायचे आणि पायऱ्या उतरायचे.

चार वर्षं गेली. तळ्याच्या मधोमध दोन दगड होते. हिवाळ्यात त्यावर आमची कासवं ऊन खात बसायची. आता त्यावर लाल कानाची एकावर एक चढलेली असायची आणि खालून आमचं एखादं वर यायला बघे, पण जागाच नसे. टाकलेलं खाणं तीच उडवायची. मी खिडकीतून रोज मोजायला लागले. लांबट नाकं कमी होत चालली होती. बांधावर आता हिरवी पिल्लंही दिसू लागली. तात्यांनाही हे दिसत होतं. एके दिवशी फावडं वाजवून ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "म्हातारी आली न्हाय बाई. चार दिस झालं." ती आठवड्यानं आली, पण लांबच थांबली.

मग मी माझी हुशारी काढली. पुण्याला मला शिकवलेल्या प्राणिशास्त्राच्या सरांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, आणि ते अगदी सोपं होतं. आपली कासवं उन्हाळ्यात पाणी आटलं की गाळात शिरून झोपतात आणि पाणी आलं की उठतात. पिढ्यान्‌पिढ्या ती तशीच जगली आहेत. त्या परदेशी कासवांना ही विद्या येत नाही. एक उन्हाळा तळं आटू द्या, शेवटच्या डबक्यातून ती वेचून काढा, मग पाणी सोडा.

मी ते पत्र तात्यांना वाचून दाखवलं. ते ऐकत होते तेव्हा सखूमावशी भाकरी थापत होत्या. त्यांनीही हात थांबवला.

"म्हंजी मी दर उन्हाळ्याला पानी सोडलं, म्हनून ही लाल कानाची जगली?" तात्यांनी विचारलं.

"हो."

"आन् आता पानी आडवायचं. मी. त्या तळ्याचं."

मी म्हटलं, "एकाच उन्हाळ्याचा प्रश्न आहे, तात्या." मला अजूनही माझा तो आवाज ऐकू येतो. वर्गात गणित सोडवून दाखवल्यासारखा.

त्यांनी पंधरा दिवस घेतले. मग एका सकाळी माझ्या दाराशी येऊन म्हणाले, "म्हातारीसाठी करतो. पन हौदात ठिवायची ती लाल कानाची. मारायची न्हाईत. त्येंनी काय आपल्या पायानं येऊन तळं बळकावलं न्हाय." मी कबूल केलं.

त्या उन्हाळ्यात आवर्तन सुटलं, सगळ्यांची रानं भिजली, आणि तात्यांनी तळ्याचं दार उघडलं नाही. गावात कुरकुर झाली, पण धुण्यासाठी चारी होती आणि प्यायला नळ आले होते. पाणी हळूहळू घाट सोडून मागं सरलं. आमची कासवं कधी गाळात गेली ते आम्हाला दिसलंही नाही. एका सकाळी चिखलावर नुसत्या घसरल्याच्या खुणा होत्या. शेवटचं गुडघाभर डबकं राहिलं तेव्हा तात्या, त्यांचा मुलगा रमेश आणि साडी खोचून मी असे तिघं उतरलो आणि जाळी ओढून लाल कानाची सगळी धरली. सत्तावीस. ती तात्यांच्या घरामागच्या सिमेंटच्या हौदात गेली. सखूमावशी म्हणाल्या, "म्हशीला पानी न्हाय आन् हितं पाव्हणं पवत्यात." पण त्याही हसत होत्या. तात्यांनी तळ्याच्या मधे जाऊन चिखलाला हात लावला आणि म्हणाले, "झोपा आता. पावसुळ्याला उठवतो." मी दुसऱ्या दिवशी मे महिन्याच्या सुट्टीला साताऱ्याला गेले. इतकं काही जमवून गावी निघाल्याचा आनंद मला त्याआधी झाला नव्हता.

जूनमध्ये परत आले. फाट्यापासून येताना दोन्हीकडची रानं काळीभोर दिसली. मला वाटलं, नांगरट झाली असेल. खोलीची खिडकी उघडली आणि तळं बघितलं. त्याचा तळ दोन हात खाली गेला होता. चिखल नव्हताच. खाली पिवळा मुरूम लागला होता आणि त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचे पट्टे होते.

पुढचं सगळं सखूमावशींनी सांगितलं. तळं इतक्या वर्षांनी कोरडं पडलेलं गावानं पाहिलं. कोरड्या तळ्यात गाळ असतो आणि गाळ रानात पसरला की पीक जोमानं येतं, हे लहान पोरालाही ठाऊक. ग्रामसभा भरली, ज्याला जमेल त्यानं न्यावा असं ठरलं. यात वाईट कुणाच्याच मनात नव्हतं.

"ह्ये ट्रॉलीम्होरं जाऊन हुबं राह्यलं," सखूमावशी म्हणाल्या. "लोकं म्हनली, तात्या, कासवं दिसली तर बाजूला ठिवू की. आन् ठिवली बी बाई, दिसली तेवडी. पन ती मातीच्याच रंगाची. कुदळ लागल्यावर कळायचं. आमच्या रमेशनं बी न्हेल्या दोन ट्रॉल्या. वरीसभर रान पडून व्हतं. त्याला तरी कसं नगं म्हनायचं?"

तात्या हौदापाशी बसले होते. फावड्यानं हौदाच्या कडेवर वाजवत होते आणि सत्तावीस लाल कानांची डोकी वर येत होती, टवटवीत. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी मला एक शिवी दिली असती तर फार बरं वाटलं असतं.

"बाई, तुमचं बरुबर व्हतं," ते म्हणाले. "कोरड्या गाळात ती जगत्यात. जगलीच आसती."

"तात्या, मला गाळाचं काही…"

"तुमाला कसं ठावं आसनार? मला ठावं पायजे व्हतं. तळ्याचा तळ मी कदी उघडा पडू दिला न्हाय, म्हनूनच कुनी गाळ काडला न्हाय इतकी वर्सं. पानीच राखन करीत व्हतं. त्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाय."

मग माझी पत्रं सुरू झाली. हौदातल्या कासवांचं काय करायचं म्हणून मी ज्या ज्या कचेरीला लिहिलं, तिथून उत्तर आलं की हा प्राणी त्यांच्या यादीत नाही, किंवा उत्तर आलंच नाही. तात्या त्यांना रोज खायला घालत राहिले. "ह्येंचा काय दोष?" म्हणायचे. म्हशीचं पाणी सखूमावशी आता डोक्यावरून आणत होत्या.

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला आणि पिकांसाठी आवर्तन सोडावं लागलं. तात्यांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. गाळ पसरलेल्या रानांत त्यांनी दार उघडलं की ते चारीवर थांबायचे नाहीत. बादली घेऊन रानात उतरायचे आणि सरीतून पाण्याच्या पुढं पुढं चालायचे, खाली बघत. माती भिजली तर जे जिवंत असेल ते उठून वर येईल, असा त्यांचा हिशेब होता. शेतकरी कंटाळायचे. एकजण म्हणाला, "तात्या, पानी जाऊ द्या की बिगीबिगी." दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. पहिल्या तीन रानांत फुटलेल्या पाठी मिळाल्या. रमेशच्या रानात दोन जिवंत मिळाली, त्यातलं एक पिल्लू. त्या दिवशी तात्या बादली हातात धरून आले. सखूमावशींनी सवयीनं पाटा पुढं ओढला, मग बादलीत वाकून पाहिलं आणि पाटा परत भिंतीशी लावला. तळ्यात आता पाणी होतं. तात्यांनी ती दोन्ही सोडली आणि फावडं वाजवायला उचललं, पण वाजवलं नाही.

त्यानंतर रोज बादली डोक्यावरच. म्हातारी कुठल्याच रानात मिळाली नाही. तिची पाठसुद्धा नाही. पाठ मिळाली नाही यावरच तात्या टिकून होते. "आजून फाट्याकडची दोन रानं ऱ्हायलीत," म्हणायचे. मग म्हणायला लागले, "आजून एक ऱ्हायलंय."

माझी बदली झाली ती त्याच आठवड्यात. निघताना तळ्यावर गेले तर तात्या नव्हते. सखूमावशींनी माझ्या हातावर शेंगांची पुरचुंडी ठेवली आणि म्हणाल्या, "रानात गेल्यात. फाट्यावरच भेटतील."

मी फाट्यावर पोचले तेव्हा एसटी लागलेलीच होती. सामान वर चढवलं, खिडकीशी बसले. रस्त्याला लागूनच ते शेवटचं रान. तात्या शेवटच्या सरीत होते. त्यांच्या मागून पाणी येत होतं, काळ्या मातीत मुरत, थांबत, पुन्हा पुढं सरकत. ते वाकून एकेक पाऊल टाकत होते, बादली हातात होती. मी हाक मारली. मोटारीचा आवाज होता, त्यांना ऐकू गेली नाही. ते सरीच्या टोकाला पोचले, बांधाशी वळून उभे राहिले आणि पाण्याची वाट बघत राहिले. पाणी आलं, त्यांच्या पायाला लागलं. एसटी हलली. मी सखूमावशींसारखा डोळ्यांवर आडवा हात धरला आणि मान मागं वळवून बघत राहिले.

तात्यांनी बादली उचलली, उलटी केली आणि डोक्यावर ठेवली.